आपणच हुकूम करा

फारसी शिकणाऱ्याला आज्ञार्थाचा धडा भलताच आवडतो. धातूच्या आधी 'बे' किंवा 'बो' लावला की हुकूम तयार. 'बोखोर' म्हणजे खा, 'बोरो' म्हणजे जा. नकार हवा असेल तर 'न' लावून 'नरो'. जुन्या कवितेत या 'न'च्या जागी 'म' भेटतो, तेवढं लक्षात ठेवलं की झालं. आता तेहरानात आपल्याला कोण अडवणार?

अडवतं ते 'बेफर्मायीद'! शब्दशः 'हुकूम करा'; आपल्याकडचं फर्मान आणि फर्माईश याच घराण्यातली. खुर्ची पुढे करताना बेफर्मायीद, चहा ठेवताना बेफर्मायीद, फोन उचलल्यावरही तेच. दारात दोन इराणी समोरासमोर आले की हा म्हणतो, 'बेफर्मायीद'. तो म्हणतो, 'शोमा बेफर्मायीद', म्हणजे 'आधी आपण'. दार उघडंच राहतं आणि हिवाळ्यात आतले लोक कुडकुडतात. या आग्रहाच्या सौजन्याला तिकडे 'तआरोफ' म्हणतात.

व्याकरणही या कटात सामील आहे. एकेरीत 'बोरो' हा सरळ हुकूम. आदरार्थी 'बेरवीद' मात्र आज्ञार्थही आहे आणि 'आपण जावं' हा विध्यर्थही. समोरच्याने हुकूम सोडला की नुसती इच्छा बोलून दाखवली, हे रूपावरून कळायची सोय नाही. खिडकी लावून घ्यायची तरी 'मीशे पंजेरे रो बेबंदीन?' असं विचारायचं: लावता येईल का?

याच विध्यर्थाने माया केली जाते, तेव्हा तर शिकणारा घाबरतोच. लाडक्या नातवंडाला आजी म्हणते, 'जिगरेतो बोखोरम', तुझं काळीज खाऊ दे! कामात असलेल्याला 'खस्ते नबाशीद', म्हणजे थकवा न येवो. जिवलग मित्र तेवढे 'बोरो बाबा' म्हणून निखळ आज्ञार्थ वापरतात. आपल्या 'जा रे बाबा'सारखाच. ऐकून कुणी जागचं हलत नाही.

शेअर टॅक्सीत तर आज्ञार्थ लागतच नाही. 'थांबवा' कशाला म्हणायचं? 'मेर्सी, पियादे मीशम' पुरतं: आभार, मी उतरतोय. आभाराचा शब्द फ्रेंचांकडून आणलेला, पण ब्रेक लागतो. भाडं विचारलं की ड्रायव्हर म्हणतो, 'गाबेली नदारे', आपल्यापुढे त्याची काय किंमत! नवखा खूश होऊन पाकीट खिशात घालू लागतो. जाणता प्रवासी 'खाहेश मीकोनम' म्हणत, म्हणजे विनंती करत, पैसे पुढे धरतो. ड्रायव्हर आणखी एकदा नको म्हणतो, मग नोटा घेतो आणि मोजून बघतो.