साडेतीन इंचांचे चार

श्रीमान चार-बाय-चार यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण मला टोपी घातलीत. वास्तविक टोपी मी आपल्याला घालायला निघाले होते.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागच्या डेकवर आपण बारा ठिकाणी उभे आहात. परसाच्या टोकाला, कुंपणात, आणखी पाच ठिकाणी. सतरा खांब आणि सतराही उघड्या डोक्याचे. लाकडाचा आडवा कापलेला माथा म्हणजे बारीक नळ्यांची उभी मोळी. पाऊस पडला की खांब तो वरून पितो, जानेवारीत आत त्याचं बर्फ होतं, बर्फ फुगतं, माथ्याला चीर जाते आणि पुढच्या पावसाला आयती वाट मिळते. म्हणून खांबांवर टोप्या बसवतात. दिसायलाही बरं दिसतं, हे मी घरात दुसरं कारण म्हणून सांगितलं होतं. खरं तर पहिलं तेच होतं.

आता टोपी घ्यायची तर डोक्याचं माप हवं. आपलं नावच चार-बाय-चार. दुकानात त्याच नावाने विकले जाता, गवंड्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे त्याच नावाने हाक मारतात. तरीही मी, संस्कार म्हणून म्हणा, टेप लावून पाहिली. साडेतीन. पुन्हा लावली. साडेतीनच. तेव्हा माझं लक्ष टेपच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या आकडीकडे गेलं. ती हलत होती. "हात्तिच्या, टेपच खिळखिळी झालीय," असं म्हणून मी निश्चिंत झाले.

ती आकडी मुद्दाम हलती ठेवलेली असते, हे मला नंतर कळलं. बाहेरच्या कडेला अडकवून ओढली की ती आपल्या जाडीइतकी पुढे सरकते, आतल्या भिंतीला टेकवून दाबली की तितकीच मागे जाते. म्हणजे माप दोन्हीकडून खरं. बिचारी हलत होती ती खरं बोलण्यासाठी. पण मी तिला खोटं ठरवलं आणि आपल्याला खरं, कारण आपण हलत नव्हता. ताठ उभं राहून खोटं बोलणाऱ्यावर माणसाचा पटकन विश्वास बसतो, याचा फायदा आपण घेतलात.

मग मी भरलेल्या चार इंचांच्या खांबाला बसतील अशा सतरा टोप्या मागवल्या. आतून चार इंच एक सूत. खोकं आलं, मी उत्साहाने पहिली टोपी डेकच्या पायरीजवळच्या खांबावर ठेवली आणि ती कानापर्यंत खाली आली. खांबाला कान असते तर. मुंजीत धाकट्याच्या डोक्यावर थोरल्याची टोपी चढवावी, तशी ती एका बाजूला कलंडून बसली. बोटाने ढकलली की गोल फिरायची. त्या रात्री वारा सुटला आणि सकाळी शेजारच्या आजी, हातात माझी टोपी घेऊन, दारात उभ्या. "इज धिस युवर हॅट?" लाज वाटली हो.

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगलीत ही हकिकत सांगितली. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "किती सूत कमी आहे?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे आपल्याला माहीत नसणार. आमच्याकडे सुताराचा सगळा संसार सुतात चालतो. बांधकामावरची लोखंडी सळईसुद्धा तीन सुती, चार सुती अशीच मागतात, मिलिमीटर आले तरी.

"चार सूत," मी म्हटलं.

"चार इंचांत चार सूत?" बाबा खुर्चीत सरळ बसले. "अगं, हे घर बांधताना एका सुतासाठी मी त्या सुताराला अख्खी चौकट परत काढायला लावली होती. आणि हे एका बाजूला चार सूत, शिवाय दुसऱ्या बाजूलाही चार सूत. मापात पाप म्हणतात ते हेच."

बाबांनी मग कागदावर हिशोब केला. चार चोक सोळा. साडेतीन गुणिले साडेतीन, सव्वाबारा. सोळा चौरस इंचांचे पैसे घेऊन सव्वाबारा चौरस इंच लाकूड. म्हणजे जवळजवळ चौथाई खाल्लीत की हो! महाराज, चौथाई वसूल करणं हा आमचा पिढीजात धंदा होता. तो आमच्यावरच उलटवणारे आपण पहिलेच.

आपली बाजू मी ऐकून घेतली नाही असं म्हणू नका. बरंच वाचलं. एके काळी आपण करवतीखालून निघताना खरोखर चार इंच असायचात. मग सुकताना आकसलात, मग चारी बाजूंनी रंधा लागला. रेल्वेचं भाडं वजनावर, त्यामुळे सुकवून आणि रंधून पाठवलेलं लाकूड गिरणीवाल्याला स्वस्त पडायचं. शिवाय प्रत्येक गिरणीचं माप वेगळं. हा गोंधळ निस्तरायला हर्बर्ट हूवर वाणिज्यमंत्री असताना, १९२४ साली, अमेरिकेत पहिलं राष्ट्रीय प्रमाण ठरलं. ठरलं म्हणजे काय, तर किती कमी द्यायचं यावर एकमत झालं. आपले चुलते टू-बाय-फोर तेव्हापासून जाडीला एक इंच पाच सूत आणि रुंदीला तीन इंच पाच सूत होते. १९७० च्या प्रमाणात तेही आणखी एकेक सूत उतरले आणि दीड-बाय-साडेतीन झाले. नाव मात्र टू-बाय-फोर ते टू-बाय-फोरच. शरीर उतरतीला लागलं तरी पाटी न बदलण्याची ही वृत्ती मला काही पुढाऱ्यांच्या ओळखीची वाटते, पण तो विषय वेगळा.

माझं भांडण साडेतीनशी नाही, हे कृपया समजून घ्या. साडेतीनवर तर आमचं प्रेम आहे. आमच्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, देह साडेतीन हातांचा. पेशवाईत शहाणे साडेतीन होते आणि त्यातले अर्धे कोण, तर साक्षात नाना फडणवीस! सगळा कारभार डोक्यावर पेलणाऱ्या माणसाला आम्ही तोंडावर अर्धा शहाणा म्हटलं, का तर तलवार चालवत नव्हते. पण साडेतीनाचे चार कुणी केले नाहीत. कुणी म्हणालं नाही की बोलताना चार मुहूर्त म्हणू या, सुटसुटीत पडतं. आपल्याला साडेतीन-बाय-साडेतीन म्हणवून घ्यायला नेमकी कशाची लाज वाटते?

असो. मी त्या सतरा टोप्या परत पाठवल्या आणि साडेतीनच्या खांबासाठीच्या मागवल्या. यांची आतली पोकळी तीन इंच पाच सूत, म्हणजे खांबाभोवती जेमतेम एका सुताची मोकळीक. या खेपेला, म्हटलं, जिंकले.

बारांपैकी नऊ खांबांवर त्या अशा बसल्या, की पाहत राहावं. दहाव्यावर बसेना. हातोडीवर फडकं गुंडाळून हलकेच ठोकली. हलकेच, हा माझा शब्द. टोपी कोपऱ्यात उकलली.

तेव्हा मात्र मी वही घेऊन बसले, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. प्रत्येक खांबावर खडूने आकडा घातला. प्रत्येकाच्या दोन्ही बाजू मोजल्या, एक बाजू मोजून दुसरी तितकीच धरायची नाही. शिवाय अगदी माथ्याशी एकदा आणि दीड इंच खाली एकदा, कारण टोपीची कड तिथवर उतरते आणि अडते ती तिथेच. मग पातळ पुठ्ठ्यात टोपीच्या पोकळीएवढा चौकोन कापला आणि तो खांबाखांबावर उतरवून पाहिला. पुठ्ठा अडला तर टोपी अडणार. पुठ्ठ्याला भीड नसते.

दहा, अकरा आणि बारा हे खांब गेल्या वसंतात बदललेले होते. दुकानातून आणताना ते ओले होते, कारण कीड लागू नये म्हणून औषध दाबून भरलेलं लाकूड ओलंच विकतात. आपल्या प्रमाणात म्हणे सुक्यासाठी साडेतीन आणि ओल्यासाठी तीन इंच साडेचार सूत असे दोन हिशोब आहेत. सुकं म्हणजे ओलावा १९ टक्के किंवा त्याखाली. माझ्या दहा नंबरचं माप एकीकडून तीन इंच साडेचार सूत होतं, दुसरीकडून तीन इंच पाच सूत आणि वर केसभर. म्हणजे आपण चार तर नाहीच, साडेतीनही धड नाही, आणि चौरसही नाही! बाबा म्हणाले, "थांब वर्षभर, सुकेल." मला कुठला धीर. रंध्याचे चार हात मारले आणि बसवली. (त्याच औषधात तांबं असतं आणि ते ॲल्युमिनियमला खातं, म्हणून ॲल्युमिनियमच्या टोप्या घेतल्या नव्हत्या. माझा एवढा एकच निर्णय बरोबर निघाला, तेव्हा त्याची नोंद व्हावी.)

आता मूळ तक्रारीकडे येते. आतापर्यंतचं सगळं मी गिळलं असतं.

डेक झाल्यावर उरलेल्या पाच टोप्या घेऊन मी परसाच्या टोकाला गेले. तिथले खांब आधीच्या मालकाने लावलेले. सीडारचे, खरबरीत, रंधा न लागलेले, वरून करडे पडलेले. त्यांना मी कधी टेप लावलीच नव्हती, कारण तेही आपल्याच नावाचे, आणि आता मला आपलं खरं माप ठाऊक झालं होतं ना! टोपी ठेवली. ती माथ्यावर नुसती टेकली, पाटावर वाटी ठेवावी तशी. टेप लावली. चार इंच. दुसरी बाजू, चार इंच. पाचही खांब, चारी बाजूंनी, भरलेले चार.

म्हणजे माझ्या सबंध मालमत्तेत नावाला जागणारे पाचच जण आणि त्यांनाच टोपी मिळाली नाही. ज्या टोप्या त्यांना तंतोतंत बसल्या असत्या, त्या मी स्वतःच्या हाताने खोक्यात भरून, चिकटपट्टी लावून, परतीचं भाडं भरून पाठवून दिल्या होत्या. परत मागवायला गेले तर तो नमुना संपलेला. दोन्ही खोक्यांवर काय छापलं होतं ते सांगू? मोठ्या अक्षरांत "४ × ४". खरं माप खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

शेजारच्या आजींकडे पांढऱ्या प्लॅस्टिकचं कुंपण आहे. पाच-बाय-पाचचे खांब. चिडून त्यांनाही टेप लावली, त्यांची परवानगी घेऊन. भरलेले पाच! बाबांना सांगितलं तर ते कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. "प्लॅस्टिक खरं बोलतं आणि लाकूड खोटं," मग म्हणाले, "बघ बाई, काय काळ आलाय."

आपल्यावर फिर्याद करावी असं मनात आलं होतं. पण २०१७ साली इलिनॉयमध्ये काही ग्राहक याच अर्ध्या इंचासाठी, आपल्याला विकणाऱ्या मोठ्या दुकानांवर कोर्टात गेले होते आणि ते दावे फेटाळले गेले, असं वाचलं. तेव्हा कोर्टाचा नाद सोडला आणि वर्तमानपत्री मार्ग धरला. फाटकाच्या दोन जाड खांबांबद्दल, म्हणजे आपले थोरले बंधू सिक्स-बाय-सिक्स यांच्याबद्दल, मी इथे काहीच लिहीत नाही. ते साडेपाच भरले. घराण्याचं वळण आहे, त्याला ते एकटे काय करणार.

माझी मागणी फार नाही. कृपया एक दिवस दुकानातल्या आपल्या पाटीसमोर, टेप हातात घेऊन, उभे राहा आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहून "चार" म्हणून दाखवा. टेप मी देते. आकडी हलते तिची, पण चालते.

कळावे. लोभ आहेच, तो आपल्याप्रमाणे उतरवून घ्यावा.

आपली,
सतरा खांबांची मालकीण

ता. क. : सीडारच्या पाच खांबांवर सध्या श्रीखंडाचे एकेक किलोचे रिकामे डबे पालथे घातले आहेत. चार इंचांच्या चौकोनाचा कर्ण पाच इंच सव्वापाच सूत भरतो. डब्याचं तोंड त्याहून थोडं मोठं आहे, हे या वेळी आधी मोजून घेतलं. खाली पडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक दगड. चौथा डबा आम्रखंडाचा आहे. त्यावर रोज सकाळी एक खार येऊन बसते.