मुंबईचा चोर

मोसंबीच्या बागेसाठी एक अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि पान काही केल्या पुढे सरकत नव्हतं. बदनापूरच्या भाच्याला फोन लावला. "मामा, काहून टेन्शन घेता? कॅशे क्लिअर मारा," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. दुकानात गिऱ्हाईक होतं.

आता 'ब्राउझिंग डेटा हटवा' ही अक्षरं समोर आली की माझ्यासारख्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. मुलीच्या लग्नाचे फोटो जाणार, पंधरा-पंधरा रुपये भरून उतरवलेले डिजिटल सहीचे सातबारे जाणार, बँकेतली शिल्लकही जाणार, अशी माझी खात्री. म्हणून आधी फोटो पेनड्राइव्हवर घेतले, सातबारे छापून आणले, बँकेत रांग लावून पासबुकही भरून आणलं. मग निर्धास्त मनानं 'सर्व कालावधी' निवडला आणि दिसेल त्या चौकोनात खूण केली. हिस्ट्री, कुकीज, कॅशे, पासवर्ड, ऑटोफिल. अर्धवट साफसफाई आमच्या घराण्यात चालत नाही.

फोटो जागच्या जागी होते. सातबारे डाउनलोडमध्ये सुखरूप. बुकमार्कसुद्धा शाबूत. शिल्लक तर बँकेच्या संगणकात असते, तिचा माझ्या लॅपटॉपशी संबंध काय? थोडक्यात, मी जे जे वाचवलं त्याला धोकाच नव्हता. आणि ज्याला होता ते पासवर्ड मी स्वतःच्या बोटानं खूण करून घालवले.

भाच्यानं सांगितलं होतं फक्त कॅशे. त्यात भीतीचं काही नाही. जालन्यात नळ रोज येत नाही म्हणून आपण टाकी भरून ठेवतो, तसा ब्राउझर पानांवरची चित्रं नि इतर सामान जवळ साठवतो. टाकी उपसली तर पाणी पुन्हा भरावं लागतं, म्हणजे पहिल्यांदा पान जरा सावकाश उघडतं, एवढंच. आणि साठा जुना झाला असेल तर उपसणंच बरं. कुकीजचं प्रकरण थोडं वेगळं. 1994 साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण इंजिनिअरनं त्या वेबसाठी काढल्या, त्या आधी वेबसाइटला गिऱ्हाईक ओळखूच येत नसे. त्या पुसल्या की सगळ्या साइट आपल्याला विसरतात आणि दारातच विचारतात, आपण कोण? पासवर्ड पाठ असेल त्यानं या प्रश्नाला भ्यायचं कारण नाही.

अर्जाचं पान आता झटक्यात उघडलं. कॅशेचा उपाय बरोबरच होता. फक्त पानानं पासवर्ड मागितला.

मोबाइलमध्ये असेल म्हणून तिकडे पाहिलं. तिथंही सफाचट! दोन्हीकडे एकच खातं आणि सिंक चालू, त्यामुळं लॅपटॉपवरून पुसलेले पासवर्ड मोबाइलनं इमानेइतबारे पुसले होते. एका बियाणे कंपनीच्या जुन्या डायरीत काही लिहून ठेवलं होतं खरं, पण शेजारी 'हा बदलला' असाही शेरा माझ्याच अक्षरात. कशात बदलला, ते नाही.

ईमेलचा पासवर्ड तेवढा आठवला. आत शिरतो तोच लाल खुणेचं पत्र: तुमच्या खात्यात नव्या उपकरणावरून प्रवेश झाला आहे, ठिकाण मुंबई. माझे हातपाय गळाले. मी जालन्यात, आणि मुंबईत कुणीतरी माझं खातं उघडून बसलेला! घाईघाईनं पासवर्ड बदलला आणि 'सर्व उपकरणांवरून बाहेर काढा' हेही दाबलं. भाच्याला पुन्हा फोन.

"मामा, तो चोर तुम्हीच हायेत. कुकीज पुसल्या, म्हणून लॅपटॉप नवा वाटला त्यांना. अन् ठिकाण इंटरनेटच्या लाइनीवरून अंदाजानं टाकतेत, ते कधी मुंबई दाखवतंय, कधी पुणं."

तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन. "बाबा, तुम्ही काय केलंत? माझ्या टॅबमधून तुमचं खातं बाहेर पडलं." घरातला टीव्हीसुद्धा लॉगिन मागत होता, आणि बायकोच्या मालिकेची वेळ झाली होती. अर्ज राहिला बाजूला.

नवा पासवर्ड रिमोटनं एकेक अक्षर शोधत टाकला. मनात म्हटलं, एक गोष्ट तरी साधली. हिस्ट्री पुसली गेली. मी घोरतो हे मी घरात कधीही मान्य केलेलं नाही, पण गुपचूप उपायांचे व्हिडिओ बरेच पाहिले होते. ब्राउझरमधली हिस्ट्री गेली तरी खात्यात, कंपनीच्या सर्व्हरवर, काय काय पाहिलं याची नोंद वेगळी राहते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टीव्ही सुरू झाला आणि पडदाभर चित्रांची रांग लागली. घोरणं सात दिवसांत बंद. घोरण्यावर घरगुती काढा. नाकाला लावायची पट्टी.

बायकोनं चष्मा लावून सगळी रांग वाचली आणि म्हणाली, "ती पट्टी मागवूनच टाका."