बिलिंग काउंटरास अनावृत पत्र

प्रति,
बिलिंग काउंटर
(कपडे, चपला, औषधे, चष्मे, खेळणी व इतर सर्व शाखा)

विषय : एक जोडी मोज्यांच्या बदल्यात मोबाईल नंबर मागितल्याबाबत.

संदर्भ : आपणाकडून आलेले पाडवा, अक्षय्य तृतीया, मान्सून सेल आणि ‘आम्हाला विसरलात का?’ हे संदेश.

महोदय,

सदर अर्जदाराने आपल्या दुकानातून ८० रुपयांचे मोजे घेतले. मोजे मापाचे आहेत की नाहीत, ही चौकशी आपण केली नाही. नंबर मात्र विचारलात, तोही मागे रांग उभी असताना. अर्जदाराने दहाही आकडे खणखणीत आवाजात सांगितले. आपल्या कर्मचाऱ्याने त्यातला एक चुकीचा टिपला, तेव्हा रांगेतल्या मागच्या अनोळखी गृहस्थांनी तो दुरुस्त करून दिला.

अर्जदार कायदा पाळणारा मनुष्य असल्याने, नंबर कायद्यानेच लागत असणार अशी त्याची समजूत होती. म्हणून त्याने जीएसटीचे नियम उघडून पाहिले. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता बिलावर घालण्याची सक्ती खरेदी ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक असेल तेव्हाच आहे. २०० रुपयांच्या आतल्या खरेदीला गिऱ्हाइकाने मागितले नाही, तर वेगळे बिल फाडण्याचीही गरज नाही. बिलावर घालायच्या तपशिलांच्या यादीत मोबाईल नंबर कुठेच नाही. खुद्द करखात्याची उत्सुकता ५०,००० रुपयांना जागी होते, आपली ८० रुपयांना. म्हणजे आपण सरकारपेक्षा ६२५ पट चौकस आहात, आणि याबद्दल आपला जाहीर सत्कार व्हायला हवा.

आपले उत्तर अर्जदारास पाठ आहे : ‘सर, नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही.’ हे खोटे नाही. सिस्टीम तशीच बनवून घेतलेली आहे. नंबर हीच गिऱ्हाइकाच्या खात्याची किल्ली. त्यावर पॉइंट जमा होतात, मागची खरेदी दिसते, आणि ठोक भावाने संदेश पाठवणाऱ्या कंपनीकडे तोच नंबर रवाना होतो. काउंटरमागे दिवसभर उभ्या असलेल्या मुलाचा यात काही दोष नाही. किती नंबर गोळा झाले, याचा हिशेब त्यालाही संध्याकाळी द्यावा लागत असेल.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना कळवले, की नंबरासाठी गिऱ्हाइकाची अडवणूक करू नका. ही सूचना उद्योगांच्या बड्या संघटनांकडे पाठवली गेली. आपल्या काउंटरापर्यंत ती पोचलेली दिसत नाही. तिच्याकडे कोणी नंबर मागितला असेल आणि तिने दिला नसेल, असा अर्जदाराचा अंदाज आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तर त्याआधीचा. बिल नाकारणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती परस्पर तिसऱ्याला पुरवणे हीसुद्धा.

आपणास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट मात्र आवर्जून कळवायची आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ या कायद्यात आपले काउंटर चक्क उदाहरण म्हणून आले आहे. एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते, स्वतःहून नंबर देते आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाईलवर पाठवा म्हणते. कायदा म्हणतो, दुकानाने तो नंबर पोच पाठवण्यासाठी वापरावा. एवढेच. पुढे पाडव्याच्या शुभेच्छा, व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर सूट, सुनेसाठी फेशियल असे काहीही नाही. उदाहरणातल्या त्या बाईंचा अर्जदारास फार हेवा वाटतो.

याच कायद्यानुसार संमतीची विनंती गिऱ्हाइकाला आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्येही वाचता आली पाहिजे. म्हणजे मराठीत, आणि पणजीच्या शाखेत कोंकणीतसुद्धा. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य बंधने लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर, ऑफर मर्यादित कालावधीसाठी. माहिती नीट न सांभाळल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. गिऱ्हाइकाने खोटी किंवा उगाच तक्रार केली, तर त्यालाही १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून अर्जदाराने मोज्यांचे बिल जपून ठेवले आहे.

आता थट्टा बाजूला ठेवून एक सांगणे. अर्जदार पन्नाशीचा पुरुष आहे. त्याचा नंबर रांगेने ऐकला तर फार तर त्याला कर्ज मंजूर होईल. त्याच रांगेत कॉलेजची मुलगी उभी असते. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मोबाईल रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. दर मुलीच्या दिसण्यावर ठरत. ५० रुपयांपासून ५०० रुपयांपर्यंत. विकत घेणारे त्या मुलींना फोन करून छळत आणि तक्रारी महिलांच्या १०९० या हेल्पलाइनवर येत. त्या मुली तिथे फक्त रिचार्ज करायला गेल्या होत्या. आणि छळ होतो म्हणून नंबर बदलावा, तर बँक, गॅसची नोंदणी, आधारचा ओटीपी सगळे त्याच दहा आकड्यांना बांधलेले.

आपण म्हणाल, संदेश नको असतील तर डीएनडी करा. केले आहे. १९०९ वर ‘स्टार्ट ०’ पाठवून अर्जदाराने सगळ्याच जाहिरातींना नकार कळवला आहे. त्याखेरीज संदेश पाठवणाऱ्याच्या नावामागचे अक्षर वाचायलाही तो शिकला : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. सेवेच्या संदेशात जाहिरात मिसळली तर तो जाहिरातीतच मोजावा, असे दूरसंचार नियामक ट्रायने नियमांच्या फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीत म्हटले आहे. तक्रारीची मुदतही तीन दिवसांवरून सात केली. नको असलेल्या प्रत्येक संदेशासाठी नंबर, तारीख आणि मजकूर १९०९ ला कळवायचा. आपण एका कळीत लाखभर लोकांना पाठवायचे आणि लाखभर लोकांनी एकेकट्याने तक्रार टंकायची, अशी ही कामाची वाटणी आहे. २०१७ च्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. त्या हक्काची रोजची राखण मात्र अर्जदाराच्या अंगठ्याकडे आली.

सबब विनंती की, काउंटरवर ‘नंबर देणे ऐच्छिक आहे’ अशी पाटी मराठीत लावावी. ज्यांना पॉइंट हवे आहेत त्यांनी नंबर स्वतः टाईप करावा, ओरडून सांगू नये. आणि सिस्टीममध्ये ‘नाही’ असे एक बटण बसवून घ्यावे.

हे बटण येईपर्यंतची सोय आपल्याच एका कर्मचाऱ्याने शोधून काढली आहे. परवा अर्जदाराने नंबर देण्यास नकार दिला, तेव्हा त्याने मान वर न करता एकच आकडा दहा वेळा दाबला. सिस्टीम विनातक्रार पुढे गेली. त्या आकड्याच्या धन्याने आजवर आपल्याकडून साड्या, बूट, चष्मे आणि बाळाचे डायपर घेतले असणार. महाराष्ट्रातला आपला सर्वांत निष्ठावंत ग्राहक तोच. त्याचे पॉइंट बुडवू नयेत.

कळावे,
अर्जदार

सोबत : मोज्यांचे बिल, छापील, एक प्रत.