मालवणची घार

मे महिन्यात कोकणात जाणाऱ्याला आंबे, मासे आणि घाम न मागता मिळतात. आमच्या वाट्याला शिवाय दाजींचा कॅमेरा आला. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. जावयाच्या गळ्यात कॅमेरा पडला की सासरच्या माणसांनी उभं राहायचं, हसायचं आणि बॅग धरायची. बॅग माझ्याकडे होती.

मालवणात उतरल्या रात्री दाजींनी खोलीतला एसी अठरावर नेला. "मशीनला थंडावा लागतो," म्हणाले. पहाटे सगळ्यांना उठवून तारकर्लीच्या वाळूत नेलं, सूर्योदय टिपायला. इथे समुद्र पश्चिमेला असतो, हे त्यांना सांगणार कोण? सूर्य पाठीमागच्या माडांतून निमूट वर आला.

दाजींनी डोळा लावला आणि ओरडले, "धुकं!"

धुकं होतं, पण भिंगावर. रात्रभर गारठलेल्या काचेला दमट खारी हवा लागली की ती पाझरणारच. दाजी रुमालाने पुसत आणि ते पुन्हा धरे. शेवटी आतून पुसावं म्हणून त्यांनी लेन्सच काढली, भर वाऱ्यात, वाळूवर उभं राहून. "बाबा, बंद करा ते!" आठवीतला भाचा धावला. एसीतून निघतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा, म्हणजे दव पिशवीवर धरतं आणि आतला ऐवज सावकाश बाहेरच्या हवेला सरावतो. आता काच आपोआप सुकेपर्यंत चहा घेणं एवढाच उपाय होता. तो सगळ्यांना पटला.

मग धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग. होडी सुटली तोच पडद्यावर अक्षरं आली: कार्ड लॉक आहे. दाजींनी कार्ड काढलं, शर्टाला घासलं, होडीवाल्याकडे संशयाने पाहिलं. कार्डाच्या कडेला एक इवलीशी खिट्टी असते. घालता-काढताना ती खाली सरकते. भाच्याने ती नखाने वर केली. गंमत म्हणजे ती खिट्टी कार्डाच्या आतलं काहीच बंद करत नाही. 'यावर लिहू नको' एवढंच ती कॅमेऱ्याला सांगते आणि तो ऐकतो. दाजींच्या घरात ताईचं इतकं ऐकणारं कुणी नाही.

१६६४ साली बांधायला घेतलेला हा किल्ला अठ्ठेचाळीस एकरांचा आहे, हे वाचून कळत नाही. भर दुपारी 'अजून जरा मागे, अजून जरा मागे' करत चाललं की कळतं. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तिन्हींपाशी आम्हाला उभं करून दाजी म्हणाले, "तहानलेले दिसा." अभिनयाची गरज पडली नाही.

संध्याकाळी लॉजच्या ओसरीवर लॅपटॉप उघडला. तटावरच्या आभाळात एक घार. "बघा, कशी टिपली!" शिवराजेश्वराच्या देवळावर घार. बुरुजावर घार. ताई कौतुकाने सरसावून बसली. पण घार दरवेळी उजव्या कोपऱ्यात, त्याच जागी, पंखसुद्धा न हलवता.

"बाबा, ती धूळ आहे. सेन्सरवर बसलीय."

सकाळी लेन्स उघडली तेव्हाच ती आत शिरली असणार. छिद्र मोठं ठेवलं की असा कण विरघळल्यासारखा दिसेनासा होतो. दाजींनी उन्हात एफ/१६ लावलं होतं आणि बारीक छिद्रातून त्याची स्वच्छ सावली पडली. अशा वेळी कॅमेऱ्याचं तोंड खाली करून रबरी फुग्याने हवा मारतात. दाजींनी तोंडाने फुंकलं. पुढच्या फोटोत घारींचा थवा होता.

चिडून ते कार्डावरच्या घारी एकेक करून पुसू लागले. इतक्यात तळलेली सुरमई आली. पुसणं चालू असतानाच त्यांनी कार्ड खसकन उपटलं. जेवून कॅमेऱ्यात घातलं तर प्रश्न आला: कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू? दाजी मुळात भिडस्त. कुणी विचारलं की 'हो' म्हणतात.

"म्हणजे माझा किल्ल्यावरचा एकही फोटो नाही?" ताईचा आवाज शांत होता, हे वाईट लक्षण.

"आता यावर एकही नवा फोटो काढू नका," भाचा म्हणाला आणि कार्ड स्वतःच्या खिशात घातलं. वाचनालयाची यादी फाडली म्हणून कपाटातली पुस्तकं जात नाहीत; तसं फॉरमॅटने सहसा यादी जाते. पुस्तक जातं ते त्याच जागी दुसरं ठेवलं की.

सकाळी बाजारातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या पोराकडे गेलो. "फोटो खंय जावचे नाय," म्हणत त्याने फोटोरेक नावाचा फुकटातला प्रोग्राम लावला. तो चालू असताना प्रवचनही झालं: फोटोच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. हा ३-२-१ चा नियम पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केला. पोराने मात्र तो आपल्याच आजोबांचा असल्यासारखा सांगितला. दाजींच्या सगळ्या प्रती एकाच कार्डावर, म्हणजे हिशेब १-१-० चा.

फोटो येऊ लागले. नावं गेलेली, नुसते आकडे. तट आला, बुरुज आला, घार आली. ताईचा चेहरा उजळला. मग समुद्र आला, पण मालवणचा नव्हे. रंगीत छत्री, मागे कलंगुटची पाटी, पुढे अर्ध्या चड्डीतले दाजी, हातात कसलासा उंच ग्लास.

"हा कधीचा?"

"ऑडिटला… सोलापूरला गेलो होतो ना गेल्या वर्षी…"

"सोलापूरला समुद्र नाही," ताई म्हणाली.

दुकानातल्या पोराने पंखा वाढवला.

वाचकांत कुणी जावई असतील तर ध्यानात ठेवा. फोटो नुसता डिलीट करून किंवा साधं फॉरमॅट मारून भागत नाही. पुसल्यावर कार्ड दुसऱ्या फोटोंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत काठोकाठ भरा, मग तो परत मिळणं जवळजवळ अशक्य. आणि जे हवे आहेत, त्यांच्या तीन प्रती त्याआधी काढून ठेवा.