मत आणि मेगापिक्सेल

फोन कुठला घ्यावा हे मला विचारायचं आणि शेवटी दुकानदार सांगेल तो घ्यायचा, ही आमच्या नात्यागोत्यातली जुनी रीत आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट, माझ्या मताला एवढी मागणी दुसऱ्या कुठल्याच विषयात नाही. मी राजकारणावर बोलू लागलो की लोक पाणी प्यायला उठतात आणि लग्न जमवायच्या बैठकीत मला चहाचं बघायला पाठवतात. पण ‘वीस हजारांपर्यंत कुठला चांगला?’ हा प्रश्न निघाला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. मी प्रोसेसरपासून सुरुवात करतो. माना हळूहळू आपापल्या जागी परत जातात.

मेहुण्याने गेल्या दिवाळीत असंच विचारलं होतं. मी त्याला चार फोनांचा तक्ता करून पाठवला. त्यात बॅटरी, पडदा, चार्जिंगचा वेग असं सगळं रकान्यांत मांडलेलं होतं. मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

“घेतला बरं का, भाऊजी!”

“कुठला?”

“निळा.”

कंपनीचं नाव त्याने खोक्यावरून वाचून सांगितलं. तो निळा रंग त्यानंतर कुणी पाहिलेला नाही, कारण दुकानाची पायरी उतरायच्या आधीच त्याच्यावर जाड काळं कव्हर चढलं होतं.

गंमत अशी की फोनांमध्ये खरोखर फरक होता तेव्हा आम्ही भांडत नव्हतो. नोकियाने २००३ साली बाजारात काय काय आणलं ते आठवून पाहा. टॉर्चवाला ११०० त्याच वर्षीचा. भारनियमनाच्या काळात त्या टॉर्चच्या उजेडात घराघरांत जेवणं उरकलेली आहेत. गेम खेळण्यासाठी काढलेला एन-गेजही त्याच वर्षीचा. त्यावर बोलायचं तर तो कानाशी आडवा, कडेवर धरावा लागे, आणि बोलणाऱ्याच्या गालाला कोणीतरी करंजी चिकटवल्यासारखं दिसे. पुढच्याच वर्षी त्यांनी ७२८० नावाचा लिपस्टिकएवढा फोन काढला, त्याला आकड्यांची बटणंच नव्हती. एवढं वैविध्य समोर असताना ज्याला जो परवडला तो त्याने घेतला आणि विषय संपला. आता सगळे फोन म्हणजे काचेचा एकच काळा आयत आहे. टेबलावर पालथे ठेवले तर कुणाचा कुठला ते घरच्यांनाही ओळखू येत नाही. आणि आता आम्ही पडद्याभोवतीची काळी कड एका मिलिमीटरने रुंद आहे का, यावर तासभर बोलतो. फरक जितका बारीक तितकं मत ठाम, असा एक नियम यावरून मी बसवला आहे.

या नियमाचं पहिलं उदाहरण म्हणजे मेगापिक्सेल. मामेभावाने १०८ मेगापिक्सेलचा फोन घेतला आणि घराघरांत जाऊन दाखवला. मी त्याला सांगितलं, “अरे, हा नेहमीच्या वापरात बारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो.” त्याला वाटलं मी जळतो. पण हिशेब सरळ आहे. एवढे बिंदू नखाएवढ्या सेन्सरवर बसवायचे तर प्रत्येक बिंदू फार बारीक होतो आणि त्याच्या वाट्याला प्रकाश फार थोडा येतो. म्हणून फोन शेजारशेजारचे नऊ बिंदू एकत्र करून त्यांच्याकडून एकाचं काम करून घेतो. एकशे आठला नऊने भागलं की बारा. पन्नास मेगापिक्सेलवाल्यांचे चार-चारांचे गट पडतात आणि साडेबारा हाती येतात. म्हणजे पन्नासवाला एकशे आठवाल्यापेक्षा अर्ध्या मेगापिक्सेलने पुढेच निघतो! एवढं ऐकून मामेभाऊ म्हणाला, “पण खोक्यावर तर एकशे आठ लिहिलंय.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय हा फोटो पुढे व्हॉट्सॲपवर जाणार, तिथे तो आणखी दाबला जाणार, आणि मोठ्या काकू तो चष्म्याशिवाय बघून ‘छान’ म्हणणार.

माझं दुसरं मत भोकांबद्दल आहे. फोनला जितके जास्त पैसे मोजावेत तितकी त्याची भोकं कमी होतात, हे माझं जुनं निरीक्षण. ७ सप्टेंबर २०१६ रोजी ॲपलने आयफोन ७ दाखवला. त्यात हेडफोनची पिन घालायची जागाच नव्हती, आणि कंपनीचे फिल शिलर यांनी व्यासपीठावरून या कृतीला ‘धैर्य’ म्हटलं. एक भोक बुजवायला धैर्य लागतं हे जगाला त्या दिवशी कळलं. सॅमसंगने जाहिरातींतून याची यथेच्छ टिंगल केली आणि २०१९ मध्ये नोट १० काढताना तेच भोक स्वतःही बुजवलं. मग महागड्या फोनांतून मेमरी कार्डाची जागा गेली. २०२० मध्ये आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गेला आणि २०२१ मध्ये गॅलेक्सी एस२१ च्या खोक्यातूनही गेला. कारण पर्यावरणाचं. त्यामुळे आमच्या सोसायटीत सध्या असं चित्र आहे: वॉचमन काका दहा हजारांच्या फोनला वायर लावून एफएमवर जुनी गाणी ऐकत निवांत बसलेले असतात, आणि चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ लाखाचा फोन हातात घेऊन चार्जर मागत जिन्याने फिरत असतात.

तिसरं मत मांडायला मात्र मला आत्यासमोर उभं राहावं लागतं, आणि तिथे माझी सगळी विद्या थिटी पडते. आत्याला पसारा खपत नाही. रात्री ओटा पुसून झाला की ती फोन घेते, उघडी असलेली ॲपं एकेक करून वर सरकवते आणि सगळी गेल्याची खात्री झाली की दिवा मालवते. मी तिला कितीदा सांगितलं, की अगं, ती ॲपं मागे नुसती गोठून पडलेली असतात. मेमरी कमी पडली तर फोन स्वतःच त्यांना बाहेर काढतो. तू काढलीस तर सकाळी तीच पुन्हा पहिल्यापासून उघडावी लागतात आणि त्यात बॅटरी उलट जास्त जाते. हे काही एकट्या माझं मत नाही. २०१६ साली ॲपलचे क्रेग फेडेरिघी म्हणाले, की ॲपं अशी बंद करून बॅटरी वाचत नाही. लगोलग अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर यांनीही मान डोलावली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या दोन छावण्यांचं ज्या गोष्टीवर एकमत झालं, ती गोष्ट आत्याला मान्य नाही.

“असू दे रे,” ती म्हणते, “पण पसारा दिसतो ना.”

तिच्या फोनातला खरा पसारा वेगळाच आहे. रोज पहाटे पाचपासून गुलाब, समई, उगवता सूर्य आणि वाफाळता चहा यांची चित्रं येऊ लागतात, ती थेट शुभरात्रीच्या चंद्रापर्यंत. मग एके दिवशी ‘स्टोरेज फुल’ असा संदेश येतो आणि तो वाचायला मला बोलावणं येतं. हे दुखणं फक्त आमच्या घरचं असतं तर मी गप्प बसलो असतो, पण गूगलच्या लोकांनाही भारतातले फोन का गुदमरतात याचा शोध घेताना हीच शुभप्रभात सापडली. २०१७ च्या अखेरीस त्यांनी जागा मोकळी करणारं ‘फाइल्स गो’ काढलं आणि त्याला अशी चित्रं वेगळी ओळखायला शिकवलं. मोठमोठ्या संगणकांना आपल्या आत्यांचे गुलाब ओळखायला बसवलं गेलं, ही माझ्या मते या शतकातली एक थोर घटना आहे. आत्याला ते ॲप घालून दिलं. तिने एकेक चित्र पाहिलं, “हे नको पुसू, हे कुमुदने पाठवलंय,” असं म्हणत सगळी ठेवली, आणि ते ॲप वर सरकवून दिलं.

चौथं मत अपडेटबद्दल. यात माणसांचे दोन वर्ग पडतात. अपडेट आल्याची सूचना दिसली की ‘नंतर’ दाबणारे, आणि सूचना आलेली नसतानाही सेटिंग्जमध्ये जाऊन आलं का बघणारे. मी दुसऱ्या वर्गातला. पुष्कळदा त्यात ‘काही दोष दूर केले आहेत’ एवढंच लिहिलेलं असतं. कुठले दोष, ते कोणी सांगत नाही. घरातल्या माणसानेही एवढ्यावरच भागवलं असतं तर आपण त्याला सोडलं नसतं. पण पहिल्या वर्गातल्यांना मी एक गोष्ट ऐकवतो. २०१५ च्या जुलैत अँड्रॉइडमधली ‘स्टेजफ्राइट’ नावाची खिंडारं उघडकीला आली. नुसता एक एमएमएस पाठवून दुसऱ्याच्या फोनात शिरता येईल, अशी ती होती. तेव्हापासून गूगल दर महिन्याला सुरक्षेची डागडुजी काढू लागलं. ती तुमच्या फोनपर्यंत पोहोचते की नाही हे मात्र कंपनीच्या मर्जीवर, आणि पुष्कळ कंपन्यांची मर्जी दोन वर्षांत संपायची. फोन ठणठणीत असायचा, फक्त त्याला कोणी विचारत नसे.

अशा वाळीत पडलेल्या फोनांसाठी त्या काळी आमच्यासारख्यांनी वेगळाच संसार थाटला होता. सायनोजेनमॉड नावाची अँड्रॉइडची आवृत्ती जगभरची हौशी मंडळी मिळून बनवत. ती रात्र जागून फोनवर चढवायची. चढली तर फोन नवा व्हायचा, अडकला तर त्याची वीट व्हायची, आणि दोन्ही बाजूंनी वॉरंटी जायचीच. २०१६ च्या डिसेंबरात ते काम थांबलं आणि त्याच पायावर लिनिएजओएस उभं राहिलं. ते अजून आहे, पण फोनशी अशी खेळाखेळ केली की बँकांची बरीच ॲपं उघडायला नकार देतात. आपल्याच फोनात आपण घुसखोर ठरतो. भाजीवाल्या मावशींना क्यूआर कोडावरून पैसे देण्याच्या दिवसांत एवढी हौस परवडत नाही.

तर या सगळ्या मतांचा अर्क काढला तर दुकानात विचारण्यासारखा प्रश्न एकच उरतो: अपडेट किती वर्षं येणार? कॅमेरे सगळ्यांचे बरे आहेत, पडदे सगळ्यांचे छान आहेत, बॅटऱ्या संध्याकाळपर्यंत पुरतात. फरक राहिला आहे तो एवढ्याच कंटाळवाण्या आकड्यात, आणि नेमकं त्यावर कोणाचंच मत नाही. आत्याला नवा फोन घ्यायला तिच्यासोबत तपकीर गल्लीतल्या फोनच्या दुकानात गेलो तेव्हा मी दुकानदाराला हाच प्रश्न विचारला. तो कव्हरांच्या ढिगातून मान वर काढून म्हणाला, “साहेब, तेवढी वर्षं फोन वापरतं कोण?”

“मी वापरते,” आत्या म्हणाली. तिचा मिक्सर तिच्या लग्नातला आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

तो फोन तिने ज्या गुणावर पसंत केला तो माझ्या तक्त्यात कधीच नव्हता. तिने समोरचा नमुन्याचा फोन उचलला, कीबोर्डवरचा माइक दाबला आणि मराठीत बोलली. अक्षरं उमटली, जोडाक्षरंसुद्धा धड. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर मराठीच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसायचे, ते मी पाहिलेले आहेत. गूगलने २०१७ मध्ये मराठी ऐकून लिहायची सोय केली. मला ती बातमी पहिल्या दिवशी ठाऊक होती, पण आजही मी अंगठ्यानेच टाइप करतो. आत्याला बातमी कळलीच नाही, ती सरळ बोलायला लागली. तिच्या निरोपांत पूर्णविराम नसतो. कुमुदच्या गुडघ्यापासून मेथीच्या भावापर्यंत एकाच दमात सगळं येतं, आणि मधेच ‘अरे दूधवाला आला वाटतं’ हेही इमानाने टाइप झालेलं असतं.

इकडे माझी मागणी जगाने मान्य करायला घेतली आहे. २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देऊ म्हणून सांगितलं, पुढच्या वर्षी सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला तेवढीच दिली. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नियमच केला, की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट मिळाली पाहिजेत. आत्याच्या साध्या फोनालाही सहा वर्षांचं आश्वासन आहे. मी जिंकलो, असं म्हणायला हरकत नाही.

फक्त एक अडचण आहे. आत्या आता सहा वर्षं मला काही विचारणार नाही. मेहुण्याचा निळा चांगला चालतोय आणि मामेभावाला अजून एकशे आठ पुरतात. ज्या मतासाठी एवढी वर्षं घसा कोरडा केला त्यानेच माझं दुकान बसवलं. पण मी खचलेलो नाही. एवढी वर्षं फोन टिकवायचा म्हणजे त्याला कव्हर चांगलं पाहिजे. सिलिकॉनचं मऊ, पण ते पिवळं पडतं. पाकिटासारखं मिटणारं दणकट, पण त्यात फोन तापतो. कॅमेऱ्याभोवतीची कड वर उचललेली हवी, निदान एका मिलिमीटरने. विचारून तर बघा.