वहिनींनी पलंग फिरवला

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाजवळ या... कोपऱ्यावरच्या वहिनींनी पलंगच फिरवला! उशाशी लाइटचा मीटर, बाहेर ती डीपी. म्हणे विजेच्या तारांनी छातीचा कॅन्सर होतो. रामबागेत सध्या दुसरा विषयच नाही. परवा हळदीकुंकवाला काकूंनी मोबाइलवरून वाचून दाखवलं, अन् एकेकीचा चेहरा असा उतरला म्हणता...

पण काकूंची भाची आलीय ना, मायक्रोबायोलॉजीवाली? ती आपली निवांत पोहे-जिलेबी खात होती. म्हणाली, "मावशी, तो प्रयोग बाईवर नाही, काचेच्या बशीतल्या पेशींवर झालाय." तो केला अमेरिकेत बर्कलेच्या लिबर्डी नावाच्या शास्त्रज्ञानं, 1993 साली. रात्री अंधारात अंगात मेलाटोनिन तयार होतं, ते बशीतल्या त्या छातीच्या कॅन्सरच्या पेशींची वाढ थोपवतं. यानं 12 मिलिगॉसचं चुंबकीय क्षेत्र लावलं, तर मेलाटोनिनचा ब्रेकच फेल! 2 मिलिगॉसला मात्र काही नाही. अन् पेशी कोणाच्या, ठाऊक आहे ना? मिशिगनच्या एका ननच्या, 1970 साली काढलेल्या! बाई कधीच्याच गेल्या, पेशी अजून जगभर वाढताहेत. मला तर बाई काटाच आला...

तर काय सांगत होते? हां, लिबर्डी. 1999 मध्ये अमेरिकेत सरकारी चौकशीत त्याच्यावर ठपका आला, आकड्यांत फेरफार केल्याचा. हे ऐकून वहिनी कशा खुलल्या! "बघा, लबाडच निघाला!" तर भाची म्हणते, "थांबा. ते दुसऱ्याच पेपरांबद्दल, अन् त्यानं कबूलही केलं नाही. हे मेलाटोनिनचं तर 2001 मध्ये दुसऱ्या लॅबलाही दिसलं." वहिनींचं तोंड परत एवढंसं.

पण बशी वेगळी अन् बाई वेगळी. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सगळं चाळलं, छातीच्या कॅन्सरच्या बाजूनं पुरावा काही निघाला नाही. त्याआधी 2002 मध्ये विजेच्या चुंबकीय क्षेत्राला 'कदाचित कॅन्सर होतो'च्या यादीत घातलं, ते लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमुळे. अन् त्याच यादीत आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्यासुद्धा! आजींचा हात लोणच्याच्या बरणीवरच थांबला, हो...

मी म्हटलं, अमेरिकेतलं सगळं पाठ, पण आपल्या कमल रणदिवे? पुण्याच्या; मुंबईत पेशी वाढवायची लॅब उभी केली, छातीचा कॅन्सर अन् आनुवंशिकता यावर काम केलं, 1982 चं पद्मभूषण. काकू म्हणाल्या, "कोण?" घ्या!

मग भाचीनं हळूच विचारलं, "तुमच्यापैकी तपासणी कोणी करून घेतलीय?" अहो, कोणी बांगड्या मोजतंय, कोणी वाटी चाटतंय! अन् वहिनींची तर सख्खी आई त्यातच... पलंग फिरवला, पण डॉक्टरकडे नाही गेल्या.

बुधवारी मी वहिनी अन् काकूंना तपासणीला घेऊन जातेय. तुमचंही नाव लावलंय हं, न विचारताच.