पाहून, तपासून, खात्री करून

चंद्रपुरात घर विकायचं तर मे महिन्यात दाखवावं. पारा 46 वर, गिऱ्हाइकाचं अर्धं लक्ष कूलरकडे, अर्धं मठ्ठ्याच्या ग्लासाकडे. अशा उन्हात भिंतीला ओल असेल हा संशयच माणसाला येत नाही. इरई नदी तेव्हा इतकी गरीब दिसते, की हीच बाई जुलैत न विचारता स्वयंपाकघरात शिरते हे सांगूनही पटू नये. मागच्या पुराची रेघ भिंतीवर कमरेइतकी उंच. तिच्यावर पुट्टीचे दोन हात, वर मोतिया रंग. झालं घर तयार.

गिऱ्हाईक विचारतं, “पाणी येते का जी इकडं?”

“नाही तं काय! भरपूर येते.”

खोटं एक अक्षर नाही.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याला मात्र असली विनोदबुद्धी नाही. त्याचं कलम 55 म्हणतं, जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही, आणि साधारण काळजी घेऊनही त्याला कळला नसता, तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं हे कपट. दोष घराचा असो की मालकीचा. साधारण काळजी म्हणजे किती, हे जिल्ह्यागणिक बदलत असावं. ऊर्जानगरात घर घेऊन ‘वाघाचं कुणी बोललं नव्हतं’ अशी तक्रार केलीत, तर न्यायाधीशही हसतील.

मालकीतले दोष हे आमचं खरं वैभव. स्वस्तातला प्लॉट झुडपी जंगलाचा निघतो. ती वनजमीनच, असं सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 ला सांगितलं. दलालाला ते आधीपासूनच ठाऊक होतं, म्हणून तर स्वस्त. गडचिरोलीत जमीन आदिवासीची निघते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीला ती घेता येत नाही. दलाल म्हणतो, “नोटरी करून टाकू ना साहेब.”

आणि घुग्घुस? 26 ऑगस्ट 2022 ला आमराई वॉर्डातलं एक अख्खं घर पन्नास फुटांहून खोल गेलं. खाली जुनी कोळसा खाण. हादरा बसताच घरची माणसं बाहेर पळाली म्हणून वाचली. तिथे कोणाला जाब विचारायचा? सातबारा जमिनीच्या वरचा असतो. खालच्या पोकळीचा उतारा कोणत्या खिडकीवर मिळतो, ते कुणी सांगत नाही.

बाकी, फसलेल्याला मार्ग बरेच. नोंदणीकृत प्रकल्पातला बिल्डर असेल तर महारेरा: ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर त्याने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. जुनं घर एखाद्या काकाजींकडून घेतलं असेल तर दिवाणी कोर्ट. विक्रीपत्र रद्द करून मागा, नाहीतर भरपाई मागा. कपट कळल्यापासून 3 वर्षं हातात. पोलिसांतही जाता येतं. ठाणेदार चहा पाजतात आणि ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ म्हणतात.

कोर्टात मग विक्रीपत्र उघडतं. ‘खरेदीदाराने मिळकत समक्ष पाहून, तपासून, खात्री करून घेतली आहे.’ ही ओळ सगळ्याच विक्रीपत्रांत असते आणि रजिस्ट्रीच्या दिवशी ती वाचणारा अजून जन्माला यायचा आहे. कपटापुढे ती टिकत नाही, असा धीर वकील देतात. फक्त काकाजींना पुराचं ठाऊक होतं, हे सिद्ध तुम्ही करायचं.

त्यात काही अवघड नाही. तहसीलमध्ये माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, पूरग्रस्तांच्या मदतीची यादी आणि पंचनामा मागा. घरात किती पाणी होतं ते काकाजींनी तलाठ्याला स्वतःच्या सहीने सांगितलेलं असतं. तेही एक फूट वाढवून.